युद्धाचा व्हिडिओ ग्रुपवर आला की आधी हे करा

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा बॉर्डर आपल्या जळगाव-धुळ्यापासून कितीतरी लांब, पण रात्री दोनलासुद्धा फॅमिली ग्रुपवर "आत्ताचा व्हिडिओ, लवकर बघा" येऊन राहिले होते. त्यातले बरेच भलतीकडचेच. पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं ते सांगतो.

पहिले व्हॉट्सअ‍ॅप मेसेजच्या वरचा बाण बघा. डबल बाण असेल तर तो मेसेज किमान पाच जणांच्या हातातून फिरून आलाय, म्हणजे "माझ्या मित्राने बॉर्डरवरून पाठवला" ही गोष्ट तिथंच संपली.

मग व्हिडिओ थांबवा, दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, एखादी इमारत जिथं नीट दिसते तिथं दोन-तीन स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सला (फोटोवरून शोधून देणारं गुगलचं ॲप) टाका. जुना माल असेल तर बहुतेक वेळा लगेच सापडतो. त्या दिवसांत बैरूत बंदरातला ऑगस्ट २०२० चा स्फोट मिसाइल हल्ला म्हणून फिरला, आणि अमेरिकेत फिलाडेल्फियात विमान पडलं होतं ते जळतानाचं दृश्य चक्क कराची बंदर म्हणून. कराचीचं तर काही टीव्ही चॅनलवाल्यांनीही लावून धरलं होतं, त्यामुळे "टीव्हीवर दाखवलं ना भो" हा पुरावा धरू नका.

लेन्सवर काही सापडलं नाही तर गेमचा संशय घ्या. आर्मा ३ नावाच्या गेमचे तुकडे युक्रेनपासून आपल्यापर्यंत सगळ्या युद्धांत चालतात, इतके की तो बनवणाऱ्या चेक कंपनीनेच नोव्हेंबर २०२२ मध्ये ओळखायच्या खुणा सांगितल्या: रात्रीचा अंधार, हलणारा कॅमेरा, फालतू क्वालिटी, आवाज बहुतेक नाहीच, आणि माणसं हलताना दिसत नाहीत. घरात गेम खेळणारं पोरगं असेल तर त्यालाच दाखवा, ते जेवता जेवता सांगेल. युक्रेनमध्ये २०२२ ला "कीवचं भूत" म्हणून एक वैमानिक असाच गाजला, त्याचा म्हणून फिरलेला एक व्हिडिओ गेममधला निघाला आणि नंतर तिथल्या हवाई दलानेच सांगितलं की असा एक माणूस नाहीच, लोकांनी रचलेला हिरो आहे. लोकांना तो हवा होता म्हणून चालला. म्हणून जो व्हिडिओ बघून छाती फुगते तोच आधी तपासा, शत्रूच्या बाजूचा तर आपण तसाही खोटाच धरतो.

नुसता मजकूर असेल, जसं "एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार", तर पीआयबी फॅक्ट चेकच्या (केंद्र सरकारचा खोट्या बातम्या तपासणारा विभाग) ८७९९७११२५९ या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा. एटीएमवाला मेसेज त्यांनी तेव्हाच खोटा ठरवला होता. फक्त हे लोक केंद्र सरकारशी संबंधित गोष्टीच तपासतात आणि ते स्वतः सरकारीच, तेव्हा बूम किंवा ऑल्ट न्यूज या बातम्या तपासणाऱ्या खाजगी वेबसाइटवरही एक नजर टाका.

आता भुसावळ-वरणगाववाल्यांसाठी खास. तुमच्याकडे एवढं मोठं जंक्शन, वर दोन्हीकडे ऑर्डनन्स फॅक्टरी. प्लॅटफॉर्मवरून रणगाडे लादलेली गाडी गेली की लगेच देशभक्तीचं गाणं लावून रील टाकायचा मोह होतो, पण गाडी कधी, कोणत्या दिशेने गेली, डबे किती, सगळं त्यात येतं. केंद्राने २६ एप्रिल २०२५ ला मीडियालाच सांगितलं होतं की सैन्याच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका. गाडी डोळ्यांनी बघा, हात हलवा, मोबाईल खिशात राहू द्या.

शेवटचं काम सगळ्यात अवघड, पाठवणाऱ्याला सांगणं. मित्र असेल तर ग्रुपवरच "कुठून आणलं भो हे?" विचारा. मामा किंवा सासरेबुवा असतील तर चारचौघांत नको, ते चिडतात आणि मग मुद्दाम अजून चार पाठवतात. सरळ फोन लावा, आधी तब्येत विचारा, मग सांगा की मेसेज दाबून धरायचा, डिलीट करायचा आणि "सर्वांसाठी" निवडायचं, हे साधारण दोन दिवसांच्या आतच जमतं.