नवं पिल्लू आजारी पडलं? या चुका टाळा

कुत्र्याचं पिल्लू घरी आणून चार दिवस होत नाहीत तोच ते खाणं सोडतं, पलंगाखाली जाऊन पडतं, आणि घरात एकमत होतं: "आईपासून तुटलंय, रुळेल हळूहळू." सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आईची आठवण येणारं पिल्लू रात्रभर कुंईकुंई करतं, पण सकाळी वाटी दिसली की तुटून पडतं. हाक मारूनही मान न उचलणारं, पाणी प्यायलं की ओकणारं पिल्लू आजारी आहे. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.

पहिला संशय पार्व्होचा धरा. पार्व्हो म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबांनी बेजार करणारा, झपाट्यानं पसरणारा विषाणू. तो शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस जातात, कधी जास्तही. म्हणजे विकणाऱ्याच्या अंगणात बागडणारं पिल्लू आजार घेऊनच तुमच्याकडे आलेलं असू शकतं. इंदुरात मात्र खापर फुटतं ते आजीनं प्रेमानं भरवलेल्या पोह्यांवर. कांदा आणि शेव-जिरावण मसाला घातलेले पोहे पिल्लाला देऊच नयेत (कांदा कुत्र्याला विषारी असतो), पण "पोहे बाधले असतील" म्हणत दोन दिवस काढणं त्याहून घातक.

पार्व्होत आधी सुस्ती आणि ताप, मग उलट्या: खाल्लेलं बाहेर पडतं, नंतर पांढरा फेस, नंतर पिवळं पाणी. जुलाब बरेचदा त्यानंतर लागतात, वास असह्य असतो. रक्त दिसेपर्यंत थांबू नका. काही पिल्लांना ते दिसतच नाही. वरचा ओठ उचलून हिरडी बोटानं दाबा. पांढरी झालेली जागा बोट काढल्यावर 2 सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकट असेल, बोटाला चिकट लागत असेल तर रात्र असली तरी निघा. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं दगावतात आणि वेळेवर सलाइन लागलेली बहुतेक वाचतात. हा फरक काही तासांचा असतो.

रात्री उघडा असणारा दवाखाना पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवा. इंदूरजवळ महूला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्याची वेळही विचारून ठेवा. निघण्याआधी फोनवर "पार्व्होचा संशय आहे" असं स्पष्ट सांगा आणि तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नका. उलटी-जुलाबाचा फोटो दाखवायला लाजायचं कारण नाही. पार्व्होसाठी विष्ठेची कार्ड टेस्ट (झटपट तपासणी) काही मिनिटांत होते. सुरुवातीला ती निगेटिव्ह आली तरी डॉक्टर उपचार सुरू ठेवायला सांगतील, तर ऐका.

घरगुती उपायांत सर्वांत जास्त नुकसान होतं ते जबरदस्तीनं पाजण्यानं. ओकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात सिरिंजनं दूध किंवा ओआरएस ढकललं, तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही नको. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल कुत्र्याला बाधतात. जुलाब थांबवणारी गोळीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. आणि पहिल्या सलाइननं पिल्लू शेपूट हलवायला लागलं की दुसऱ्या दिवशी जायचं टाळणारे लोक असतात! त्यांना काय म्हणावं?

"भैया, टीका लग गया है," म्हणजे लस दिली आहे, असं विकणारा सांगतो. लसीकरणाचं कार्ड मागा. स्टिकर आणि तारीख नसेल तर लस झालेली नाही असंच समजा. एक डोस झाला म्हणजे पिल्लू सुरक्षित, असंही नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती काही आठवडे लशीला नीट काम करू देत नाही, म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून ठरावीक अंतरानं डोस देत 16 आठवड्यांपर्यंत जावं लागतं. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तरी महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात. आजारी पिल्लाला मात्र आपण होऊन लस टोचून आणू नका. विकणाऱ्याला फोन करायचाच असेल तर औषध विचारायला नको. जंताचं औषध कधी दिलं आणि बाकीची भावंडं कशी आहेत, एवढंच विचारा.

नाका-डोळ्यांतून चिकट स्राव, खोकला, झटके असतील तर डिस्टेंपरचाही (कुत्र्यांच्या आणखी एका विषाणूजन्य आजाराचा) विचार होतो. आणि पिल्लानं ओरबाडलं किंवा ते चावलं, तर जखम साबणानं 15 मिनिटं धुऊन रेबीजच्या लशीसाठी स्वतः दवाखान्यात जा, पिल्लू कितीही लहान असलं तरी.

फिनाइलवर भरवसा ठेवू नका. पार्व्हो त्यानं खात्रीनं मरत नाही आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आधी साबणानं घाण काढा, मग 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात मिसळून ते ओता आणि 10 मिनिटं ओलं राहू द्या. ब्लीचमध्ये फिनाइल किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू होऊ शकतो. गादी, पट्टा, लाकडी खोका टाकूनच द्या. दुर्दैवानं पिल्लू गेलं, तर त्याच घरात पुढचं आणण्याची घाई नको. आणायचंच असेल तर सगळे डोस पूर्ण झालेला, वाढलेला कुत्रा आणा.