एसटीएममध्ये जाळी दिसली म्हणून लगेच नाचू नका

सांगली-साताऱ्याकडनं एमएस्सी करून सरफेसवरच्या सेल्फ-असेंब्लीत (म्हणजे रेणू पृष्ठभागावर आपले आपण ठरावीक रचनेत बसतात त्यात) पीएचडीला निघालेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. आपल्याकडं एसटीएम (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, अणू-रेणू दाखवणारं मशीन) म्हणजे ते शोधणारे बिनिग-रोहरर, 1986 चं नोबेल आणि परीक्षेतली पाच मार्कांची शॉर्ट नोट, मशीन कुणी बघितलेलं नसतं. त्यामुळं न्यूनगंड घेऊन जाऊ नका, पुण्या-मुंबईच्या पोरांनी पण बहुतेक बघितलेलं नसतंय. व्हॅक्युम लागतंच असंही नाही, ताज्या सोललेल्या ग्रॅफाइटवर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि त्यातच टिप, म्हणजे मशीनची टोकदार सुई, उतरवायची.

आता खरा खड्डा. ट्रायमेसिक ॲसिड नोनॅनोइक ॲसिडमध्ये घेतलं की रेणू हायड्रोजन बॉण्डनं एकमेकांना धरतात आणि साधारण 1.6-1.7 नॅनोमीटरची षटकोनी जाळी पडते. पण ग्रॅफाइटचा वरचा थर खालच्यावर साडेआठ अंश फिरलेला असला तर मॉइरे पॅटर्न (दोन जाळ्या तिरक्या एकमेकींवर पडल्या की दिसणारी मोठी नक्षी) दिसतो, तोही षटकोनीच, आणि ग्रॅफाइटच्या जाळीचं अंतर 0.246 नॅनोमीटर, त्याला 2 साइन थीटा बाय टूनं (थीटा म्हणजे तो फिरलेला कोन) भागून बघा, 1.66 नॅनोमीटर येतं! म्हणजे रेणू एकही नसताना तुमचं 'स्ट्रक्चर' तयार. मीही यात अडकलोय, आणि आमच्या गाइडनी तो फोटो प्रेझेंटेशनला लावायला सांगितला होता. ज्यांना पहिल्या आठवड्यात फोटो पाहिजे असतो त्या गाइडपासून चार हात लांबच बरं. एफएफटी फिल्टर (चित्रातली परत परत येणारी नक्षी ठिपक्यांत दाखवून बाकीचं गाळणारं गणित) मारून चित्र गुळगुळीत करणं हा तर निव्वळ चावटपणा, सहा ठिपके मॉइरेचे पण येतात. 1991 ला क्लेमर आणि बीबे यांनी दाखवलंच होतं की नुसतं ग्रॅफाइट डीएनएसारखं दिसू शकतं, तेव्हा मोठमोठे फसलेत, आपलं काय.

म्हणून आधी नुसतं सॉल्व्हेंट टाकून स्कॅन घ्या. मग रेणू घातल्यावर त्याच जागी बायस (टिप आणि ग्रॅफाइटमधलं व्होल्टेज) खाली आणा, करंट थोडा वाढवा, जाळी जाऊन खालचं ग्रॅफाइट दिसलं पाहिजे, बायस परत वर नेला की जाळी परत. मॉइरे असा जात नाही, आणि त्याच्या कडेला बऱ्याचदा मण्यांच्या माळेसारखी ओळ असते जी जागची हलत नाही, रेणूंच्या डोमेनची (एकाच दिशेनं बसलेल्या रेणूंच्या पट्ट्याची) कड मात्र स्कॅनगणिक सरकते. ग्रॅफाइटचा तो फोटो जपून ठेवा, ड्रिफ्टचं (स्कॅन चालू असताना नमुना हळूहळू सरकतो त्याचं) कॅलिब्रेशन त्यावरच होतं.

टिपचं टेन्शन घेऊ नका, प्लॅटिनम-इरिडियमची तार तिरकी ओढत कापायची, बिघडली की परत कापायची, सगळ्यांचं असंच चालतं. पण ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूत न लाजता विचारा, मशीनवर आठवड्याला किती तास मिळणार, आणि उत्तर गोलगोल आलं तर सरळ दुसरी लॅब बघा.