बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असल्यास काय करावे: घर, मुले आणि शेततळ्यातील मासे

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांत, तसेच नांदेडमधील किनवट परिसरात, शाळकरी मुलांच्या पुढच्या दातांवर पांढरट, पिवळे किंवा तपकिरी आडवे पट्टे दिसतात. दात नीट घासत नाहीत म्हणून मुलांना बोलणी बसतात. परंतु हे डाग कितीही घासले तरी निघत नाहीत, कारण ते दातावर बसलेले नसून दात तयार होत असतानाच त्याच्या आवरणात उमटलेले असतात. कारण आहे खडकातून पाण्यात उतरणारे फ्लोराइड. या पाण्याला वास नसतो, रंग नसतो, चवही बिघडलेली नसते. उलट कॅल्शियम कमी असलेल्या मऊ पाण्यात फ्लोराइड अधिक विरघळून राहू शकते, त्यामुळे ज्या हापशाच्या पाण्यात डाळ लवकर शिजते आणि साबणाला चांगला फेस येतो, तो गावाचा आवडता हापसाच कधी कधी सर्वांत दोषी निघतो. म्हणून जिभेवर विश्वास न ठेवता तपासणीपासून सुरुवात करावी.

पहिली पायरी: नमुना घेऊन तपासणी करून घेणे

तपासणी गावाची नव्हे, प्रत्येक स्रोताची करायची असते. भूगर्भातील भेगा आणि खडकांचे थर वेगवेगळे असल्याने एकाच गल्लीतील दोन बोअरच्या पाण्यात मोठा फरक पडू शकतो. म्हणून शेजाऱ्याचा अहवाल चांगला आला म्हणजे आपलेही पाणी चांगले, असे समजू नये. स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली घ्यावी, काचेची घेऊ नये. हापसा किंवा मोटर काही मिनिटे चालवून पाइपमध्ये साचून राहिलेले पाणी जाऊ द्यावे, त्याच पाण्याने बाटली तीन वेळा विसळावी, मग ती भरून झाकण घट्ट लावावे आणि गाव, स्रोत, बोअरची खोली व तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. हा नमुना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत किंवा स्वतः नेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत देता येतो. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण दिलेले आहे. त्या संचात पाण्यात रंगीत द्रावण मिसळतात आणि फ्लोराइड जितके जास्त, तितका मूळ रंग बदलत जातो. संचाचे उत्तर अंदाजापुरते चांगले असते, पण मर्यादेच्या आसपासचा आकडा आला तर प्रयोगशाळेचाच अहवाल घ्यावा. एक तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि एक पावसाळ्यानंतर करावी.

घरोघरी दिसणाऱ्या टीडीएस मीटरचा येथे उपयोग होत नाही. तो एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, त्यांत फ्लोराइड किती हे सांगत नाही. टीडीएस कमी आणि फ्लोराइड जास्त, असे पाणी असू शकते.

दुसरी पायरी: आकड्याचा अर्थ लावणे

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंतचे फ्लोराइड स्वीकारार्ह मानले आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत सूट दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही 1.5 मिलिग्रॅम आहे. माझ्या मते ज्या घरात आठ वर्षांखालील मूल किंवा गरोदर स्त्री आहे, त्या घराने 1 हाच आकडा धरावा, कारण दातांचे आवरण घडण्याचा काळ तोच असतो आणि आपल्याकडील उन्हाळ्यात माणूस पाणीही भरपूर पितो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी विशेष जपावे. शरीरातील फ्लोराइड मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते आणि तोच मार्ग त्यांच्या बाबतीत अरुंद झालेला असतो.

अमेरिकेत असलेल्या नातेवाइकांकडून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळावे की नाही या वादाचे संदेश येतात, त्यांची येथे गल्लत करू नये. तेथे दात किडू नयेत म्हणून लिटरला 0.7 मिलिग्रॅम या पातळीपर्यंत फ्लोराइड मिसळले जाते. आपल्याकडे ते कोणी मिसळत नाही, ते जमिनीतून येते आणि काही ठिकाणी त्याच्या कितीतरी पट असते.

तिसरी पायरी: पिण्याचे पाणी आणि वापरायचे पाणी वेगळे करणे

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. अंघोळ, धुणी, भांडी यांसाठी फ्लोराइडचे पाणी चालते, कारण ते त्वचेतून फारसे शरीरात जात नाही. बदलायचे आहे ते पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी. स्वयंपाकाचे पाणी लोक हमखास विसरतात. भात, वरण आणि चहा यांत जिरलेल्या पाण्याबरोबर त्यातले सगळे फ्लोराइड पोटात जाते. पाणी उकळून काहीही साधत नाही, 1.5 मिलिग्रॅमचे चार लिटर पाणी आटून तीन लिटर झाले, तर तो आकडा 2 वर जातो. कापडाने गाळणे, साधा कँडल फिल्टर किंवा क्लोरिनचे थेंब यांनीही फ्लोराइड कमी होत नाही.

पर्यायी स्रोत शोधताना प्रथम गावातील उथळ, उघडी विहीर तपासावी. पाऊस मुरून येणारे हे पाणी खडकाशी फार काळ राहिलेले नसल्याने त्यात बहुधा फ्लोराइड कमी असते. मात्र तेथे जंतूंचा धोका अधिक असतो, म्हणून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरने निर्जंतुकीकरण नियमित झालेच पाहिजे. एक आजार टाळताना अतिसार घरात आणण्यात काही अर्थ नाही.

दुसरा पर्याय पावसाच्या पाण्याचा, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नगण्य असते. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी रोज 35 लिटर पाणी लागते असे धरले, तर ऑक्टोबर ते मे या 240 दिवसांना 8400 लिटर लागते. तीस चौरस मीटरच्या छपरावर 900 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले 80 टक्के पाणी हाती आले, तर 21600 लिटर मिळते. अडचण पाण्याची नसून झाकणबंद टाकीच्या खर्चाची असते. सुरुवातीच्या पावसाचे छपरावरची धूळ वाहून नेणारे पाणी टाकीत घेऊ नये.

चौथी पायरी: दुसरा स्रोत नसेल तर फ्लोराइड काढणे

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, विकसित केलेली पद्धत आंध्रातील (आता तेलंगणातील) नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते. पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर घालून सुमारे दहा मिनिटे हळूहळू ढवळतात, तासभर पाणी स्थिर ठेवतात आणि तळाशी बसलेला गाळ न हलवता वरचे पाणी काढून घेतात. वाचायला हे सोपे वाटते, परंतु तुरटीची मात्रा फ्लोराइड आणि पाण्याची अल्कता (आम्ल शमवण्याची क्षमता) या दोन्हींवर ठरते. ती अंदाजाने घातली तर पाण्यात अॅल्युमिनियम राहू शकते, म्हणून आपल्या अहवालातील आकडे दाखवून मात्रा प्रयोगशाळेकडूनच लिहून घ्यावी.

सक्रिय अॅल्युमिना या फ्लोराइड शोषणाऱ्या दाण्यांनी भरलेला फिल्टर चांगले काम करतो, मात्र काही काळाने त्याची शोषण्याची क्षमता संपते. बाहेरून पाणी तसेच स्वच्छ दिसत राहते आणि फ्लोराइड मात्र सरळ पलीकडे जाते. आरओ यंत्र बहुतेक फ्लोराइड काढते, पण त्यातले गाळणारे पडदे (मेम्ब्रेन) वेळेवर बदलावे लागतात. कोणतेही साधन घेतले तरी बसवल्यानंतर एकदा आणि पुढे दर सहा महिन्यांनी त्यातून बाहेर येणाऱ्या पाण्याची तपासणी करावी.

पाचवी पायरी: आहार आणि शरीराकडे लक्ष देणे

दूध, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला आणि पावसाळ्यात माळावर उगवणारा टाकळा यांतून कॅल्शियम मिळते, आणि पुरेसे कॅल्शियम पोटात असले तर आतड्यातून फ्लोराइड कमी शोषले जाते. आवळा, लिंबू, पेरू यांतील क जीवनसत्त्वही उपयोगी पडते. काळा कोरा चहा कमी करावा, कारण चहाच्या पानांतच फ्लोराइड असते. मात्र पाणी न बदलता केवळ आहारावर विसंबू नये.

फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे आणि सांध्यांवरही परिणाम होतो, म्हणून मोठ्या माणसांनी तीन हालचाली करून पाहाव्यात: गुडघे न वाकवता पायाच्या अंगठ्यांना हात लावणे, हनुवटी छातीला टेकवणे आणि दोन्ही हात वर नेऊन डोक्यामागे नेणे. मान, पाठ किंवा खांदे आखडल्यामुळे हे जमत नसेल आणि पाण्याचा अहवालही वाईट असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही गोष्टी सांगाव्यात. संधिवाताची कारणे अनेक असल्याने स्वतः निदान करू नये. डॉक्टर लघवीतील फ्लोराइड आणि हाताचा एक्स-रे पाहून ठरवतात. जास्त फ्लोराइडमुळे दात व हाडांना होणाऱ्या या आजाराला फ्लोरोसिस म्हणतात, आणि बाधित जिल्ह्यांसाठी राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम 2008-09 पासून आहे. हाडांत झालेला बदल पूर्ववत होणे कठीण असते, परंतु पाणी लवकर बदलले तर दुखणे वाढणे थांबते.

सहावी पायरी: शेततळे आणि मासे

बोअरच्या पाण्यावर शेततळे भरून रोहू-कटला सोडणाऱ्यांनी तळ्याचे पाणीही तपासावे. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यातून पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा बोअरचे पाणी सोडलेल्या तळ्यात मे महिन्यात फ्लोराइड बोअरपेक्षा अधिक असू शकते. फ्लोराइडचा त्रास माशांना मऊ पाण्यात जास्त होतो; पाण्यातील कॅल्शियम त्यांना संरक्षण देते. ट्राउट आणि सामनसारखे थंड, मऊ पाण्यातील मासे फारच संवेदनशील असतात. अमेरिकेतील कोलंबिया नदीवर जॉन डे धरणाजवळ अॅल्युमिनियम कारखान्याच्या सांडपाण्यामुळे पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम इतकेच फ्लोराइड होते, तरी सामनांचा वरच्या दिशेचा प्रवास रेंगाळला होता. आपल्या तळ्यातील मासे सुस्तावले, अंगावर बुळबुळीत थर वाढला किंवा ते तोल सोडून पोहू लागले, तर आधी पाण्यातील पहाटेचा प्राणवायू तपासावा, कारण या लक्षणांमागे बहुतेक वेळा त्याची कमतरताच असते. मग फ्लोराइडची शंका घ्यावी.

असे मासे खावेत का, हा प्रश्न साहजिक आहे. माशाच्या शरीरात फ्लोराइड मुख्यतः काटे, हाडे आणि खवल्यांत साठते, मांसात फार कमी. त्यामुळे साफ करून, काटे काढून खाल्लेल्या माशाची भीती बाळगण्याचे कारण नाही, आणि आरोग्याला आवश्यक प्रथिने भीतीपोटी ताटातून काढून टाकू नयेत.

मात्र आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी तळ्यात किंवा घरच्या मत्स्यटाकीत कधीही सोडू नये, कारण गाळलेल्या पाण्यातून काढलेले फ्लोराइड त्यातच एकवटलेले असते. ते पाणी शौचालयासाठी किंवा फरशी धुण्यासाठी वापरावे. तुरटीच्या पद्धतीत तळाशी बसलेला गाळही विहीर, ओढा आणि तळे यांपासून दूर खड्डा करून पुरावा.