फाउंड फुटेजवाले भयंकर पिक्चर बघायचे असतील तर आधी हे करा

पाऊस लागला की आमच्या गोव्यातल्या पेडण्यात संध्याकाळी करण्यासारखं फारसं काही नसतं, मग कुणाच्या तरी घरी पोरं जमतात आणि एकजण म्हणतोच, चल रे आज तो बॅन झालेला पिक्चर लावूया. तुमच्याकडेही असं होत असेल तर हे वाचा, कारण मी १९ वर्षांचा असताना काही माहीत नसताना असाच एक बघितला आणि पुढे कितीतरी रात्री मला धड झोप लागली नाही.

कुणाचा तरी कॅमेरा सापडला आणि त्यातलं शूटिंग आपण बघतोय असा या फाउंड फुटेज पिक्चरांचा बनाव असतो. ओळखीचा हिरो नाही, बरेचदा म्युझिक नाही, हात हलतोय, त्यामुळे लग्नाची कॅसेट बघावी तसं आपण ते खरंच धरून बसतो. म्हणून पहिलं काम हे की बघण्याआधी तो कसा केलाय ते वाचून काढायचं. मित्र म्हणतील मजा जाते, म्हणू देत.

मी बघितलेला तो १९८० चा इटालियन ‘कॅनिबल होलोकॉस्ट’. मिलानमध्ये लागला आणि थोड्याच दिवसांत कोर्टाने जप्त केला, कारण नट खरेच मारलेत असा संशय आला. नटांनी वर्षभर कुठे दिसायचं नाही असा करारच होता, शेवटी दिग्दर्शक रुज्जेरो देओदातोला ते जिवंत आहेत हे दाखवून द्यावं लागलं. त्यातला खांब आरपार जाऊन तोंडातून बाहेर आलेल्या बाईचा सीन कसा केला माहितीये? लोखंडी खांबाला सायकलची सीट लावली, ती बाई तिच्यावर बसली आणि तोंडात हलक्या लाकडाचा तुकडा धरून वर बघत राहिली, बस. हे कळल्यावर मी तो सीन परत लावला तर मला फक्त तोल सांभाळत बसलेली एक बाई दिसली, भीती गेलीच.

पण त्याच पिक्चरमध्ये जनावरं खरोखर मारलीयत. नदीतलं मोठं कासव पाण्यातून ओढून काढतात आणि कॅमेऱ्यासमोर कापतात, त्याचे पाय हलत राहतात. आमच्या मोरजीला कासवीण अंडी घालून गेली की फॉरेस्टवाले त्या जागेला कुंपण घालून राखण करतात, लहानपणी आम्ही ते लांबून बघायला जायचो, आणि इथे हे. त्याला कुठलीच सायकलची सीट नाही. तेव्हा वाचताना खोटं काय आणि खरं काय हे दोन्ही शोधा, आणि खरं असेल तिथे सरळ पुढे ढकला, त्यात काही कमीपणा नाही.

बघताना एक करा, शिवण शोधा. मारामारी सुरू झाली की कॅमेरा नेमका खाली पडतो, भिंतीकडे वळतो नाहीतर टेपवर मुंग्या येतात, बरेचदा कट तिथेच लपवलेला असतो आणि पुढच्या शॉटला माणसाच्या जागी रबर आलेलं असतं. दोनचार शिवणी सापडल्या की डोकं शांत होतं.

आवाज कमी ठेवा, अर्धी भीती किंकाळ्यांचीच असते. खोलीत एक दिवा चालू असू दे. हलत्या कॅमेऱ्याने मळमळतं कारण डोळे सांगतात पळतोय आणि कान सांगतो बसलोय, तेव्हा टीव्हीपासून लांब बसा, मधेमधे भिंतीकडे बघा, आणि भरपेट जेवून तर बसूच नका.

सुरुवात ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’पासून करा, १९९९ चा, रक्त जवळजवळ नाहीच, जंगल आणि आवाज यांवरच चालतो. मग २००७ चा स्पॅनिश ‘रेक’. नुसत्या छळावर बेतलेले त्यानंतर, तेही हवेच असतील तरच.

आणि कुणाला न सांगता बसवू नका प्लीज. मला कुणी सांगितलं नव्हतं. आता आमच्याकडे लावणारा आधीच बोलतो की यात हे हे आहे, ज्याला नको तो बाहेर बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसतो, चहा तिथेच देतो आम्ही. कासवाचा सीन आला की मीही तिथेच असतो.