आपल्या वस्तीपर्यंत हवेचे नियम पोचले का, कसं तपासायचं (नागपूरवाल्यांसाठी)

सगळ्यात आधी, मोबाईलवरचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, पाहून "आज हवा बरी आहे" असं ठरवणं सोडा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर अ‍ॅपवर नागपूरची हवा मोजणारी स्टेशनं दिसतात ती सिव्हिल लाइन्सला जीपीओसमोर, महाल, रामनगर आणि अंबाझरी. तुम्ही कोराडीत वीज केंद्राजवळ राहत असाल, नाहीतर भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाजवळ, तर तो आकडा तुमच्या घरचा नाहीच. त्यात धुळीचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढतात. मे महिन्यात दुपारी वारा सुटला की वीज केंद्राची राख साठवतात त्या तलावावरून राख उडून राहते, गच्चीवर घातलेल्या कुरडयांवर करडा थर बसतो, घरची बाई झटकून झटकून शेवटी अख्खं वाळवण फेकून देते, आणि संध्याकाळी अ‍ॅपवर हवा "समाधानकारक". सरासरीत ती दुपार बुडून जाते. म्हणून तारीख, वेळ, वारा कुठून होता आणि लोकेशनसकट फोटो, एवढं एका वहीत लिहायला लागा, पुढचं सगळं यावरच चालतं.

आकडे पाठ ठेवा. आपल्या देशात २००९ पासून पीएम २.५ ची, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या बारीक धुळीची, मर्यादा २४ तासांसाठी ६० आणि वर्षाच्या सरासरीसाठी ४० मायक्रोग्रॅम (दर घनमीटर हवेत) आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आणि ५. म्हणजे "मर्यादेत आहे" हे उत्तर मिळालं तरी लेकराच्या छातीसाठी ते पुरेसं नाही.

मग धूर किंवा धूळ नेमकी कुणाची ते ओळखा, कारण त्याप्रमाणे ऑफिस बदलतं. कचरा जाळणं, रस्त्यावर टाकलेला मलबा, बांधकामाची उघडी धूळ हे मनपाचं काम, झोन ऑफिसात आणि उपद्रव शोध पथकाकडे तक्रार करा. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० आणि मोठ्या प्रमाणात असेल तर २५,००० रुपये दंड असा एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) २०१६ चा आदेश आहे, तक्रारीत तो लिहाच. कारखाना, वीज केंद्र, राख हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. राखेचे टिप्पर ताडपत्रीशिवाय जात असतील तर गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढा.

इथे एक कळकळीची विनंती. सकाळी थंडीत पालापाचोळा पेटवून हात शेकणारा सफाई कामगार, चूल पेटवणारी झोपडीतली ताई, यांचे फोटो काढून तक्रारी करत फिरू नका. दंड सगळ्यात आधी तिथेच पोचतो कारण तो माणूस समोर उभा असतो, आणि चिमणीचा मालक समोर नसतो. त्या कामगाराला शेकोटीऐवजी काय देता, त्या ताईला सिलिंडर भरणं परवडतं का, हे प्रश्न घेऊन नगरसेवकाकडे जा.

आता वीज केंद्राचं, हे जरा नीट वाचा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कोळशाच्या वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आणली, त्यासाठी चिमणीआधी एफजीडी नावाची धूर धुणारी यंत्रणा लागते. पहिली मुदत २०१७ ची होती, ती वाढत वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये नियमच बदलला. दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असलेली केंद्रं 'अ' वर्गात, त्यांना डिसेंबर २०२७ अखेरची मुदत. अतिप्रदूषित भागांजवळची किंवा हवेची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांजवळची 'ब' वर्गात, त्यांचं प्रकरणागणिक ठरणार. बाकीची 'क', त्यांना चिमणीच्या उंचीची अट पाळली की एफजीडीतून सूट. म्हणजे तोच कोळसा, तोच धूर, पण चिमणी मोठ्या शहराजवळ असेल तर नियम कडक आणि दूरच्या खेड्याजवळ असेल तर सैल, हे मला अजिबात पटत नाही, खेड्यातल्या माणसाचं फुप्फुस काही वेगळं नसतं. कोराडी आणि खापरखेड्याचे युनिट कोणत्या वर्गात धरलेत हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत बघा, आणि तुमचे नातेवाईक दुसऱ्या वीज केंद्राजवळच्या गावात असतील तर त्यांनाही बघायला सांगा.

कागद कसे मिळवायचे? पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. तो आधी प्रकल्पाच्या वेबसाइटवर शोधा, नाही सापडला तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो, फी १० रुपये, बीपीएलला माफ, उत्तर ३० दिवसांत. "प्रदूषण किती होते" असं विचाराल तर गोलगोल उत्तर येईल. संमतीपत्र म्हणजे मंडळाने केंद्र चालवायला दिलेली परवानगी, ते मागा. असं लिहा: "अमुक केंद्राचं सध्या लागू असलेलं संमतीपत्र अटींसह, मागच्या दोन सहामाही अहवालांच्या प्रती, आणि मागच्या वर्षभरात मंडळाने दिलेल्या नोटिसांच्या प्रती द्याव्यात." मग संमतीपत्रातली एकेक अट घ्या आणि तुमच्या वहीशी लावून पाहा. राखेवर पाणी मारत राहायची अट असेल आणि तुमच्याकडे कोरड्या तलावाचे तारखेसकट फोटो असतील तर तक्रार मजबूत झाली. तक्रारीच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.

नवा प्रकल्प किंवा वाढीव युनिट येत असेल तर जनसुनावणी चुकवू नका. सूचना किमान ३० दिवस आधी पेपरात येते, प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा सारांश मराठीत मिळायला पाहिजे, तो जिल्हाधिकारी कार्यालयात मागा. बोलायला भीती वाटत असेल तर लेखी द्या, तेही चालतं. मे महिन्याच्या उन्हात सुनावणी असली की म्हातारी माणसं, मजुरी बुडणारे लोक येत नाहीत, म्हणून गल्लीतल्या दहा जणांचे अर्ज गोळा करून एकाने न्यावे. आणि शेवटपर्यंत बसा. इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे, त्यात तुमचा मुद्दा आला नाही तर तिथल्या तिथे उभं राहून लिहून घ्यायला लावा.

एवढं करूनही काही हललं नाही तर एनजीटी. आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ आहे, आणि साधारणपणे कारण घडल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो, नुकसानभरपाईसाठी ५ वर्षं. मंडळाच्या उत्तराची वाट बघताना हे ६ महिने निघून जातात, म्हणून पहिल्या तक्रारीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि चौथ्या महिन्यात वकिलाला भेटा.