अमेरिकेत आपलं कुणी अटकेत गेलं तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

रात्री-अपरात्री अनोळखी नंबरवरून फोन येतो, आधी रेकॉर्डेड आवाज सांगतो की हा कॉल काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जेलमधून आहे, घ्यायचा असेल तर अमुक बटण दाबा, आणि आपण घाबरून पहिलंच विचारतो, "अरे पण झालं काय नक्की?" नेमकं हेच विचारायचं नाही. जेलचे कॉल रेकॉर्ड होतात, आणि मराठीत बोललो तर कुणाला कळतंय या भ्रमात राहू नका, सरकारी वकील दुभाषा आणू शकतो. कुठल्या काउंटीत आहेस, बुकिंग नंबर (अटकेच्या नोंदीचा) काय, कोर्टाची तारीख मिळाली का, रोजची औषधं कुठली, एवढंच विचारा, बास.

त्याला एकच सांगा, पोलिसांना स्पष्ट शब्दांत म्हण की मला वकील हवाय आणि तोपर्यंत मी बोलणार नाही. नुसतं गप्प बसून भागत नाही, हक्क वापरतोय हे तोंडाने बोलावं लागतं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये तसं सांगितलंय. आपली मुलं "तुझी बाजू तर सांग" म्हटलं की भडाभडा बोलून मोकळी होतात, तिथेच घोळ होतो.

शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, साइटवर कैद्यांच्या यादीत नाव सापडलं नाही तर नाव-आडनाव उलटं करून बघा, वडिलांचं नाव मध्ये घालून बघा, आपल्या नावांचं तिथे काहीही होतं.

जामिनाचं म्हणाल तर बॉन्ड एजंट, म्हणजे फी घेऊन जामीन राहणारा, जामिनाच्या रकमेच्या साधारण 10 टक्के घेतो आणि ते पैसे गेलेच समजा. पूर्ण रक्कम कोर्टात भरता आली तर सगळ्या तारखांना हजर राहिल्यावर बहुतेक परत मिळते, थोडी फी कापून. इलिनॉयमध्ये तर 2023 पासून पैशांचा जामीनच बंद आहे.

वकील परवडत नसेल तर पब्लिक डिफेंडर मागा, 1963 पासून तो हक्क आहे आणि "फुकटचा वकील" म्हणून नाकं मुरडू नका, त्याच कोर्टात रोज उभा असतो तो.

पण व्हिसावर असाल तर प्ली डीलवर (गुन्हा कबूल करून सरकारी वकिलाशी केलेली तडजोड) सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवाच दाखवा. "नो कॉन्टेस्ट", म्हणजे गुन्हा कबूलही नाही आणि लढतही नाही, असं म्हटलं तरी इमिग्रेशनच्या हिशेबात तुम्हाला दोषी ठरल्यासारखंच धरतात. दारू पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, तेव्हा केस चालू असताना भारताचं तिकीट काढू नका.