बाळ झालंय, आता बाबांनी नेमकं काय करायचं?

दूध पाजणं सोडलं तर बाळाचं बाकी सगळं बाबाला जमतं, उगाच कारणं सांगू नका. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर पहिल्या दोन मुलांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत घेता येते, प्रायव्हेटवाल्यांनी एचआरला आधीच विचारून ठेवा.

ढेकर काढायचं काम स्वतःकडे घ्या. खांद्यावर सुती फडकं टाका, बाळाची हनुवटी त्यावर टेकेल असं उभं धरा, एक हात मानेला आणि दुसऱ्याने पाठीवर हलकं हलकं थोपटत रहा, थोडं दूध अंगावर येणारच त्यामुळे ऑफिसचा शर्ट घालून हे करू नका 😄 पाच-दहा मिनिटांत ढेकर नाही आला तरी चालतं.

दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी असतात, कार्ड तुमच्याकडे ठेवा. सुई दिलेली जागा चोळायची नाही. ताप आला तर पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर असतं, डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

आणि आजी म्हणालीच "दे इकडे, तुला नाही जमायचं", तर "जमतंय गं आई" म्हणायचं आणि बाळ काही द्यायचं नाही.